पाटावरचा शब्द

यमुनाबायला कुणी 'माऊली' म्हटलं की माझं डोकं सटकतं. ती गेली त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडायची रांग लागली होती. 'त्यागमूर्ती', 'खऱ्या अर्थाने माऊली', 'खास मुलांसाठी देव खास आई निवडतो'. हे शेवटचं लिहिणारी बाई कोण? तर दिनू लिफ्टमध्ये असला की आपण चढणार नाही, म्हणून जिने कमिटीचं डोकं खाल्लं होतं, तीच. मी उत्तर लिहायला घेतलं तर नवऱ्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आज नको," म्हणाला. बरं, आज नको. पण कधीतरी बोलायलाच हवं ना?

तर ऐका. ती माऊली-बिऊली काही नव्हती. भांडखोर, हेकट, तोंडाची फाटकी बाई होती. घरात असो की केबिन रोडच्या बाजारात, अंगावर मॅक्सी, खांद्यावर टॉवेल आणि गळ्यात ठसठशीत सोनं. भाजीवाल्याशी हिंदीत भांडायची, आणि हिंदी संपलं की आगरीत. तिच्या हेकटपणाचं फळ आज तिचा दिनू भोगतोय. आणि तरीही आमच्या अख्ख्या टॉवरमध्ये शहाणं माणूस शोधायला गेलं, तर ती एकटीच सापडायची. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, आणि राग नेमका कुणावर काढायचा तेच मला अजून कळत नाही.

आमचा टॉवर मीरा रोडला, गावठाणाच्या अगदी कडेला. जागा तिच्या सासरच्यांची. आधी भातखाचरं, पलीकडे मिठागर, मग बैठी घरं, मग बिल्डर. खालचे मजले गाववाल्यांना मिळाले, वरचे आमच्यासारख्या विकत घेणाऱ्यांना. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, अकराव्या मजल्यावर. यमुनाबाय दुसऱ्यावर, शेजारच्या फ्लॅटात तिच्या दिराचं कुटुंब. नवरा कधीच वारलेला. एकच मुलगा, दिनू. छत्तीस-सदतीस वर्षांचा, दांडगा, गोरापान, आणि बोलायचा जवळजवळ नाहीच. हातात सदा नारळाच्या सुंभाचा एक तुकडा. तो बोटांत पिळत पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा. कुणी आवडलं की जवळ येऊन केसांचा वास घ्यायचा. आणि गाडी दिसली, दार उघडं असलं, की पुढच्या सीटवर जाऊन बसायचा.

जुन्या गावात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. दिनू रिक्षात बसला की रिक्षावाला त्याला काशीमीऱ्याच्या नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आणायचा आणि दारात सोडायचा. टॉवर झाला आणि तोच दिनू 'इश्यू' झाला. वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी नव्या गाडीत तो बसला, तर त्यांनी थेट पोलिसांना फोन केला. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता.

माझी तिच्याशी ओळख लिफ्टमध्ये झाली. माझी ओवी तेव्हा आठ वर्षांची. तिचंही निदान तेच, ऑटिझम. लोक 'स्वमग्न' म्हणतात, कपाळ तुमचं! ती कुठली मग्न, तिला तर बाहेरचं सगळं आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. त्या दिवशी लिफ्टमध्ये गर्दी, कुणाच्या तरी अंगावर अत्तर, कुणाच्या फोनवर गाणं. ओवीने जमिनीवर बसून किंचाळायला सुरुवात केली. मी थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे "ओवी, श्वास घे, ओवी, माझ्याकडे बघ" असं करत होते. बायका माना हलवत होत्या. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि यमुनाबाय समोर उभी.

"निंगा सगले भायेर," ती म्हणाली.

"अहो, आम्हाला सातव्यावर..."

"जिना हाय ना? पाय हान ना? निंगा!"

सगळ्यांना तिने बाहेर काढलं. फोनवाल्या मुलाच्या पाठीत एक धपाटाही घातला. मग आत येऊन दिवा आणि पंखा बंद केला, दार पायाने अडवून उभी राहिली. मी आपली चालूच, "ओवी, श्वास घे, ओवी..."

"तू पन गप बस गो," ती मला म्हणाली. "तुजाच आवाज जास्त हाय."

मला अस्सा राग आला म्हणून सांगू! पण मी गप्प बसले. थोड्या वेळाने ओवीही गप्प झाली. यमुनाबायने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, हात लावला नाही, 'बेटा-बेटा' केलं नाही. नुसती दार अडवून, टॉवेलने मान पुसत उभी होती. बाहेर सेक्रेटरी "लिफ्ट बंद है क्या?" म्हणून ओरडत होता. त्याला ती म्हणाली, "हाँ, बंद है. मैंने किया."

तेव्हापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला 'अकराव्यावाली'.

दिनूबद्दल कुणी काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "असाच हाय." कुणी म्हटलं, औषध करून बघा, "असाच हाय." कुणी म्हटलं, अमुक बाबांकडे न्या, "असाच हाय. तू जा बाबांकरं, तुज्या जिभेला औषद माग." आणि मी थेरपीचं बोलले की म्हणायची, "सुधरायला तो काय बिघरलाय?"

मला सांगा, या वाक्याला काय उत्तर द्यायचं? आता मोठमोठे लोक इंग्रजीत हेच सांगतात, की हा आजार नाही, मेंदूची वेगळी ठेवण आहे, माणसाला दुरुस्त करू नका. मी मोबाइलवर ते वाचायचे, मान डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ओवीला घेऊन पुन्हा थेरपी सेंटरला जायचे. एकदा यमुनाबाय माझ्याबरोबर आली. आत थेरपिस्ट बिस्किट हातात धरून बसली होती. ओवीने डोळ्यांत बघितलं की बिस्किटाचा तुकडा द्यायचा, नाही बघितलं की नाही द्यायचा. यमुनाबायने काचेतून थोडा वेळ ते पाहिलं. मग दार उघडून आत गेली, टेबलावरचा अख्खा पुडा उचलून ओवीच्या मांडीवर ठेवला.

"कुत्र्याला पन आमी असा खिलवत न्हाय," ती थेरपिस्टला म्हणाली.

त्या सेंटरला जागा मिळावी म्हणून मी किती खेटे घातले होते ते माझं मला माहीत. बाहेर येऊन मी तिच्यावर तोंड सोडलं. "मावशी, तुमचं ठीक आहे. ओवी आज पाणी हवं असलं की चित्रावर बोट ठेवून दाखवते. ते आकाशातून पडलं नाही, इथेच शिकली ती!" तर म्हणते, "चित्र चांगला हाय. बिस्किट खराब हाय. चांगला तेवरा घे नि बाकीच्यावर थुंक." आता बोला! चांगलं-वाईट निवडून घ्यायला हे काय वांग्यांचं दुकान होतं? पण ती बिस्किटांची पद्धत मी पुढच्याच आठवड्यात बंद करायला लावली, हेही सांगते.

आणि तिचं 'असाच हाय' किती महागात पडायचं तेही बघा. एकदा दिनू आठवडाभर हाताला चावत होता, मनगट सुजलेलं, रक्त आलेलं, जेवत नव्हता. ही बाई काय करत होती? दृष्ट काढत होती. मीठ-मोहऱ्या, मिरच्या, सगळं. मी जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं तर दाढ किडून आत पू झालेला. ओवीच्या चित्रांत दाताचंही चित्र होतं. दिनूला कुणी चित्र दिलंच नव्हतं, कारण तो असाच हाय ना! परत येताना मी रिक्षात तिला हे सगळं ऐकवलं. दिनू पुढे रिक्षावाल्याशेजारी टेकून बसला होता, तिचा हात त्याच्या पाठीवर. दुसऱ्या दिवशी ती वर आली आणि म्हणाली, "ती चित्रां मना दे." पण ती स्वतःहून मागेपर्यंत किती वर्षं गेली होती, त्याचं काय?

आता तिचं खरं काम सांगते. यमुनाबाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी गाण्यांवर चालतात. ती गाणी म्हणजे धवले, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने सुरुवात केल्याशिवाय हळद लागत नाही. यमुनाबाय गायला बसली की दिनू तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. एरवी माणसांची गर्दी झाली की कान दाबून पळणारा, पण आईच्या त्या संथ, एकसुरी गाण्यात तासन् तास बसून राहायचा. तिचा आवाज तिच्या पाठीतून त्याच्या पाठीत जात असणार. कुणी म्हटलं, त्याला घरी ठेव, तर ती म्हणायची, "त्याला घरी, तर मना पन घरी." गावाला धवलारीण लागायची, म्हणून गावाला दिनू चालायचा. इतका साधा हिशोब होता. मला वाटायचं, गावाचं मन मोठं आहे. मन-बिन काही नाही, तिची गरज मोठी होती.

पुढे धवले कमी आणि डीजे जास्त झाला. आगऱ्याची हळद आणि डीजे नाही, म्हणजे नाक कापलं गेलं. तशात तिच्या पुतण्याची, जितेशची हळद निघाली. जितेश म्हणजे दिराचा मुलगा, दिनूबरोबर एका अंगणात वाढलेला. मांडवात माणसाएवढे स्पीकर लागले होते. यमुनाबाय खाली आली, स्पीकर पाहिले आणि दिराला म्हणाली, "ह्यो वाजला तर मी धवला बोलनार न्हाय."

दीर हातापाया पडला. भावकीतले जाणते आले. "अगो वैनी, पोरं नाचायला आल्यान." ही ढिम्म. शेवटी ठरलं, आधी तिचे धवले, हळद, सगळं आटपायचं. ती दिनूला घेऊन वर गेली, दारं-खिडक्या लावल्या, की मग डीजे. नव्या पोरांची तोंडं एवढीशी झाली. मी ओवीला घेऊन तिथेच बसले होते. इतकी शांत हळद मी पुन्हा पाहिली नाही.

हळद लागली. धवलारणीला मान म्हणून साडी आणि नारळ द्यायची रीत. दिराने ताट पुढे केलं. यमुनाबायने ते बाजूला सारलं.

"मना साडी नको. नवरदेवाला बोलायचा हाय."

जितेश पाटावर बसलेला, बनियनवर, तोंडापासून पायापर्यंत पिवळा. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. "सगल्यांसमोर बोल. माज्या मागं दिनूला कोन बघंल?"

जितेश म्हणाला, "मी बघीन काकी."

"कुठं?"

"माज्या घरान."

"दुसरीकरं कुठं पाठवशील?"

"न्हाय काकी. हलदीची शपथ."

आणि तो रडला. खरं सांगते, खोटं बोलत नव्हता तो. लहानपणी दिनूचा हात धरून फिरलेला मुलगा होता. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, मीही पुसले. यमुनाबाय मात्र एखादा व्यवहार पुरा केल्यासारखी उठली, दिनूचा हात धरला आणि वर गेली. तिचं म्हणणं असायचं, हळद लागलेला माणूस पाटावर खोटं बोलत नाही.

माझं आणि तिचं बिनसलं ते यावरूनच. मी म्हणत होते, शब्द ठीक आहे, पण दिनूचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा, कायदेशीर पालक नेमा. एकटा जितेश नको, अजून कुणीतरी असू दे, म्हणजे उद्या त्याच्या एकट्याच्या मनावर काही राहणार नाही. तुमचा फ्लॅट दिनूच्या नावाने बांधून ठेवा. मी माणूस गाठून दिला असता, स्वतः बरोबर गेले असते. ती ऐकायची आणि म्हणायची, "तुमी वरचे लोक कागदावं जगता. माजी भावकी हाय. पाटावरचा शबद हाय."

"मावशी, शब्दाला कोर्टात कोण विचारतं?"

"कोर्टात जायाला तो चोर हाय काय?"

पुढे एप्रिलमध्ये तो ऑटिझमच्या जागरूकतेचा दिवस आला आणि आमच्या सोसायटीला ऊत आला. क्लबहाउसला निळे फुगे, निळे टी-शर्ट, बोर्डावर 'स्वीकार'. दिनू गाडीत बसला म्हणून पोलीस बोलावणारे पुढच्या रांगेत. मी पाहुणी म्हणून तन्वीला बोलावलं होतं. पंचविशीची मुलगी, स्वतः ऑटिस्टिक, अंधेरीला ऑफिसात नोकरी करते. ती जमिनीकडे बघत सरळ बोलली. "मी आजारी नाही. मला बरं व्हायचं नाहीये. जग माझ्या मापाचं नाही, एवढंच. मला बदलायला फार लोक आले, जग बदलायला कुणी आलं नाही."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात आमच्या पालकांच्या ग्रुपमधले एक गृहस्थ उठले. "तुम्हाला बोलता येतं म्हणून हे बोलता येतं. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला कपडे घालावे लागतात हे समजत नाही. त्याच्या आईचा हात त्याने मोडलाय. हा नुसता वेगळेपणा आहे? मला तो बरा व्हायला हवाय. हे म्हणण्याचीही लाज वाटायची आता?"

मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. यमुनाबाय मागून म्हणाली, "पोरी, तू मघापासना डोले का मिटतस? काय बोचतंय तुना?"

तन्वी म्हणाली, "ही ट्यूबलाइट. ती आवाज करतेय."

आम्हाला कुणालाच आवाज येत नव्हता. यमुनाबाय उठली आणि बटणं पटापट बंद केली. सेक्रेटरी धावला. "अरे बेन, प्रोग्राम चालू है, फोटो कैसे आएगा?"

"बोर्ड पे क्या लिखा है, पढ पहले!"

अर्धवट अंधारात कार्यक्रम पुढे चालू राहिला. त्या गृहस्थांनी विचारलं, "मग आमच्या मागे काय? संस्थेत टाकायचं नाही, तर कोण बघेल?" यमुनाबाय लगेच म्हणाली, "भावकी बघंल. माज्या दिनूचा ठरलाय."

तन्वीने पहिल्यांदाच मान वर केली. "दिनूला विचारलंत का, त्याला कुणाबरोबर राहायचंय?"

"त्याला काय इचारायचा? तो माजा हाय."

"तुमचा आहे म्हणून विचारायचं नाही? आता चित्रं दाखवतो ना तो? मग विचारता येतं."

यमुनाबाय मागे बसलेल्या दिनूकडे वळली. तिने टॉवेल झटकला, दिनूला उठवलं आणि निघून गेली. जाताना मला म्हणाली, "कोना-कोनाला बोलवतस तू!" त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही गेले नाही. मी तरी किती डोकं फोडायचं?

मग एका सकाळी तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दिराचं कुटुंब आधीच तिकडे वसईला राहायला गेलेलं, शेजारी फक्त जितेश आणि त्याची बायको. जितेशने दोघांना आपल्या घरी आणलं. चार-पाच महिने त्याने सांभाळलं, ते मी नाकारणार नाही. त्याच्याकडे तान्हं बाळ, बायको ओली बाळंतीण, एका खोलीत लुळी काकी. बाळ रडलं की दिनू कान दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. त्या आवाजाने बाळ आणखी रडायचं. खालच्या-वरच्यांनी तक्रारी केल्या. मी दुपारी दिनूला वर आणून ठेवायचे, पण मलाही नोकरी होती. आणि तो 'स्वीकार'वाला बोर्ड कुठे होता तेव्हा? कमिटीतल्या एकानेच जितेशला मुरबाडकडच्या कुठल्याशा संस्थेचा नंबर दिला. "अच्छी जगह है, खुली हवा है."

मला कळलं तेव्हा जितेशची गाडी पार्किंगमध्ये उभी होती आणि बॅग ठेवली गेली होती. यमुनाबायला खुर्चीत बसवून खाली आणलेलं, मुलाला निरोप द्यायला म्हणून. मी चपला न घालता धावत गेले.

"जितेश, शब्द दिला होतास तू! पाटावर!"

"दिला होता ताई," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "तेव्हा मला काय माहीत होतं? तुम्ही ठेवता का घरी? ठेवा. आत्ता घेऊन जा."

माझ्या घरात ओवी. त्याने मला बरोबर पकडलं होतं.

"निदान काकीला तरी विचार."

"तिला आता काही कळत नाही हो." हे तिच्यासमोर, तिच्या डोक्यावरून. ती डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर आपटत होती, धाड धाड धाड. तोंडातून नुसता घोगरा आवाज. जितेशची बायको तिचा हात धरून म्हणत होती, "शांत हो काकी, शांत हो." तिचा आवाज गेला, त्याबरोबर तिचं माणूसपणही काढून घेतलं लोकांनी! आयुष्यभर दिनूच्या बाबतीत जे केलं, तेच.

आणि दिनू? त्याला गाडीचं दार उघडं दिसलं. तो स्वतःहून पुढच्या सीटवर जाऊन बसला, सुंभ मांडीवर ठेवला आणि हसला. कुणीतरी म्हणालं, "बघा, किती खुशीत चाललाय!" त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. तन्वीने विचारलेला प्रश्न विचारायला तिथे एकही माणूस नव्हता, आणि मी अडवू म्हटलं तर मी कोण? अकराव्यावाली. हेकट बाईने एक कागद केला असता, एक सही कुणाला तरी दिली असती, तर मी त्या गाडीपुढे उभी राहिले असते. मला तिचाही संताप आला, तिथेच, तिच्या त्या आपटणाऱ्या हाताकडे बघताना.

मी महिन्यातून एकदा मुरबाडला जाते. तन्वीही येते कधी कधी. दिनूचे केस भादरलेत, अंग उतरलंय. चित्रं मी दोनदा नेऊन दिली, दोन्ही वेळा ती कपाटात कुलपात सापडली. तिथले म्हणतात, "शांत असतो आता." शांत! डोळ्यांवर गोळ्यांची झापड, त्याला हे शांत म्हणतात. पालकत्वाचं आता आम्ही बघतोय, कोर्टकचेऱ्या चालू आहेत, जितेश विरोध करत नाही आणि मदतही करत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा यमुनाबायचा फ्लॅट त्याने भाड्याने दिलाय.

ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले होते. त्यांच्याकडे बाळाचं जावळ होतं, घरात पाहुणे, मटणाचा वास. तिला नवी साडी नेसवून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. जितेश नवा शर्ट घालून आला, बायकोच्या कडेवर बाळ, मामाकडचे दोघे-चौघे मागे उभे. "काकी, आशीर्वाद दे पोराला," म्हणाला आणि तिच्या पायांवर हात ठेवायला वाकला.

तिने डावा पाय मागे घेतला. उजवा तिला हलवता येत नव्हता, तो तिथेच राहिला. ती डाव्या हाताने पुढे झुकली, गुडघ्याजवळ साडी मुठीत धरली, तो मेलेला पाय उचलला आणि ओढून खुर्चीखाली घेतला. मग ताठ बसली. जितेशचे हात फरशीवर टेकले होते.